पाडव्याची बोली

नांदेड अथवा लातूर येथील एखाद्या खासगी संस्थेच्या कचेरीत मुलाखतीस आलेला पदवीधर तरुण पहावा. शिक्षणाविषयी विचारले, तो नीट बोलतो. अनुभवाविषयी विचारले, त्याचेही उत्तर तयार असते. मग समोरचे गृहस्थ कागद बाजूस सारून सहज विचारल्यासारखे विचारतात, "बरे, पगाराची आपली अपेक्षा काय?" आणि इतका वेळ वाहता असलेला हा गृहस्थ एकाएकी मुका होतो. "आपण द्याल ते," "संस्थेच्या नियमाप्रमाणे," असे काहीतरी पुटपुटून तो मान खाली घालतो. घरी आल्यावर वडील विचारतात तेव्हा तोही प्रश्न त्यांना जरा चोरट्या आवाजातच विचारावा लागतो. पैशाची गोष्ट काढणे हे आपल्या सुशिक्षित घरांत अजून थोडे असभ्यपणाचेच मानले जाते.

हा प्रश्न नव्या काळाच्या कचेऱ्यांनी आणला, अशी पुष्कळांची समजूत दिसते. ती बरोबर नाही. ज्या दोन जिल्ह्यांचा वर उल्लेख केला, त्यांच्या खेड्यांत हाच प्रश्न दर वर्षी एका ठरावीक दिवसाच्या आसपास, उघड्या ओसरीवर, चार माणसांदेखत विचारला जात आलेला आहे. आणि तो ज्याला विचारला जाई तो बहुधा निरक्षर असे, पण त्याची जीभ आमच्या पदवीधरासारखी टाळ्याला चिकटत नसे. आमचा रोख सालगड्याकडे आहे. मराठवाड्याच्या इतिहासात सुभेदार, तालुकदार, रझाकार आणि सत्याग्रही यांविषयी बरेच लिहिले गेले. सालगड्याने आपल्या वर्षाची किंमत कशी सांगितली, याविषयी फारसे लिहिले गेलेले नाही. तो करार तोंडी होता, त्यामुळे त्याचे दप्तर नाही. हे त्याचे एक कारण असावे.

प्रथम शब्दच पहा. 'वेतन' संस्कृत, 'तनखा' फारसी, 'मुशाहिरा' अरबी आणि 'पगार' तर पोर्तुगीजांकडून आलेला. पांढरपेशाच्या मिळकतीचे बहुतेक शब्द असे पाहुणे आहेत. गड्याच्या मिळकतीला मात्र घरचाच म्हणावा असा रुळलेला शब्द आहे : साल. "त्याचे साल किती ठरले?" असे विचारतात तेव्हा वर्ष आणि वर्षाचा मोबदला ह्या दोन्ही गोष्टी त्या एकाच शब्दात असतात. माणसाने आपले वर्ष विकले, हे ही भाषा झाकून ठेवीत नाही.

हे साल गुढीपाडव्याला सुरू होते आणि पुढच्या पाडव्याला सरते. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसली सनाने चालत. परंतु ओसरीवरच्या करारास फसली सनाची गरज पडली नाही. पाडव्याची निवड केवळ मुहूर्तासाठी झाली असेल असे आम्हांस वाटत नाही. लातूर-औशाकडील रब्बीची ज्वारी तोवर खळ्यावरून घरात येते, नांदेडकडील कापूस विकला गेलेला असतो. मालकाला आपल्या कणगीत किती आहे ते कळलेले असते आणि गड्यालाही ते दिसलेले असते. पुढची नांगरट व्हावयाची असते. म्हणजे देणाऱ्याची ऐपत आणि त्याची गरज ही दोन्ही ज्या घटकेस उघडी असतात, नेमक्या त्याच घटकेस बोलणी होतात. आजच्या उमेदवारास समोरच्या संस्थेची शिल्लक किती आहे हे ठाऊक नसते. गड्याला ते ठाऊक असे, कारण पोती त्याच्याच पाठीवरून आत गेलेली असत.

शिमगा झाला की कुजबुज सुरू होई. अमक्याचा गडी सुटणार, तमक्याने वरच्या आळीच्या गड्यावर डोळा ठेवला आहे. मग एके संध्याकाळी मालक, गडी आणि दोघांना मानणारा एखादा मधला माणूस असे बसत. बोलण्याचा मासला साधारणतः असा असे :

"बोल बाबा, औंदाचं कसं करायचं?"

"म्या काय बोलू मालक? तुम्हीच बोला. तुमच्या शब्दाबाहेर हाव का आम्ही?"

"तसं नव्हं. तुझ्या मनात काय हाय ते सांग."

"मनात काय असायचंय मालक. ज्वारी कुठं गेली ते तुम्हालाबी दिसतंय."

हे ऐकून शहरी मनुष्य म्हणेल की गडी लाचार आहे. तसे नाही. पहिला आकडा ज्याने उच्चारला तो अडकला, हे व्यवहाराचे मर्म त्याला पक्के ठाऊक आहे. आणि 'तुम्हीच बोला' हा नम्रपणा म्हणजे त्या मर्मावर घातलेले पांघरूण आहे. शेवटच्या वाक्यात तर त्याने आकडा न सांगता आकड्याचे कारण सांगून टाकले. वाटाघाटीची कला शिकविणारे वर्ग आज मोठमोठ्या शहरांत पुष्कळ शुल्क घेऊन चालतात. त्यांत ह्याहून निराळे काय शिकवीत असतील, याची आम्हांस शंका आहे.

मालकाचे हुकमी पान एकच असे : "मागल्या साली काय होतं?" मागचा आकडा एकदा मध्ये आणला की पुढचा आकडा त्याच्या दाव्याला बांधला जातो. ही युक्ती किती जुनी आणि किती सार्वत्रिक आहे, ते अमेरिकेतील एका कायद्यावरून ध्यानात येईल. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून आणि २०१८ च्या जुलैपासून तो अमलात आणून, नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवारास त्याचा आधीचा पगार विचारण्यास मालकांना बंदी केली. पूर्वी ज्याला कमी मिळाले त्याला पुढेही कमीच मिळत राहते, आणि स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष घडते, असे त्या कायद्यामागील कारण होते. आमच्या गड्याला असा कायदा मिळाला नाही. त्याचा उपाय एवढाच, की मागच्या सालाचा विषय निघाला की त्याने मागच्या सालाच्या भावांचा विषय काढावा.

बोलणी केवळ रुपयांची नसत. रोख किती, ज्वारी किती, घोंगडी एक की नाही, वहाणांचा जोड, धोतर-पटका, सणाचे जेवण, तंबाखू, कोठे कोठे बांधावर एखादी शेळी चारण्याची मुभा, हे सर्व एकेक करून ठरे. मग खाडे. वर्षात किती दिवस गैरहजर राहिले तर चालेल, दुखण्याचा खाडा धरावयाचा की नाही, लग्नाकार्याला जावे लागले तर बदली माणूस कोणी द्यावयाचा. पाडव्याला जुन्या सालाचा हिशेब होई तेव्हा सर्वांत मोठे भांडण रोखीवरून नव्हे, तर खाड्यांवरून होई; कारण एकाने ते भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मोजलेले असत आणि दुसऱ्याने मनात.

एक गोष्ट मात्र ह्या सूक्ष्म बोलीतही बोलली जात नसे. गड्याची बायको मालकाच्या गोठ्यातले शेण काढी, अंगण सारवी, सुगीत इतर बायांच्या आधी हजर राही आणि शेवटी घरी जाई. तिचे साल ठरत नसे. ते गड्याच्या सालात आपोआप आले असे धरले जाई. ओसरीवरच्या बैठकीत ती दाराआड उभी राहून ऐकत असणार. तिच्या कामाचा उल्लेख झालाच तर 'घरची माणसं आहेतच' इतकाच होई. ज्या कामाचे नाव बोलणीत निघत नाही त्याची किंमत शून्य होते, हे तिच्याइतके कोणाला कळले असेल असे वाटत नाही.

ठरले की इसार दिला जाई. थोडी रक्कम हातावर ठेवली म्हणजे बोली पक्की. येथे आम्हांस इंग्लंडातील जुन्या चाकरीच्या जत्रांची आठवण होते. तेथेही शेतावरील नोकर वर्षाच्या बोलीने राहत. ठरावीक सणाला बाजाराच्या गावी उभे राहत. धनगराने टोपीला लोकरीचा झुपका लावावा, गाडीवानाने चाबकाची दोरी, म्हणजे कोण काय काम करतो ते न बोलता कळे. सौदा झाला की मालक हातावर एक नाणे ठेवी, तोच इसार. टॉमस हार्डीच्या १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीत अशा जत्रेचे चित्र आहे. फरक एवढाच की, तेथील गडी परक्या मालकांच्या रांगेपुढे उभा राही आणि आमचा गडी ज्याने त्याचे बाळपण पाहिले त्याच्यापुढे बसे. ओळखीच्या माणसाजवळ पैसे मागणे अधिक कठीण, हे कोणत्याही मध्यमवर्गीय वाचकास सांगावयास नको. आणि त्याच इंग्लंडात, १३४८-४९ च्या महामारीने मजूर दुर्मीळ झाले तेव्हा त्यांनी जास्त मागू नये म्हणून १३५१ साली कायदा करून जुनेच दर लादण्याचा प्रयत्न झाला, हेही ध्यानात ठेवावे. मजुराने किंमत सांगितली की राज्यकर्त्यांच्या कपाळास आठी पडावी, ही रीत एकाच देशाची नव्हे.

रोख आणि धान्य यांच्या प्रमाणाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. निजामी मुलखात रोख म्हणजे काय, हाच एक प्रश्न होता. राज्याचे हाली नाणे वेगळे आणि इंग्रजी कलदार वेगळे. पुढे सरकारी दराने १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. म्हणजे सात हाली रुपये आणि सहा कलदार रुपये सारखे. लातूरच्या गड्याला १०० हाली ठरले तर बार्शीच्या बाजारात त्याचे ८५ रुपये ११ आणेच होत. बार्शी तर पलीकडेच, इंग्रजी हद्दीत. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी लातूरपर्यंत आली आणि हे अंतर आणखी तुटले. सोलापूरच्या गिरण्यांचा भोंगा आता लातूरच्या शिवारात ऐकू येत नसला तरी त्याची बातमी येत होती. इकडे मनमाडहून हैदराबादेस जाणाऱ्या लोहमार्गावर नांदेड आले होते. तेथे पुढे उस्मानशाही कापड गिरणी निघाली. ह्या सर्वांचा ओसरीवरच्या बोलणीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की "नाही पटत तर जातो" हे वाक्य म्हणावयास कोठेतरी जाण्याजोगी जागा लागते. गाडी आली, गिरणी निघाली, की ते वाक्य न उच्चारताही मालकाला ऐकू येऊ लागते.

धान्याचे महत्त्व मात्र रोखीहून अधिक होते. रुपयाची किंमत पडो की चढो, ज्वारीचे पोते ते ज्वारीचे पोते. दुसऱ्या महायुद्धात भाव कडाडले तेव्हा शहरातील कारकून हवालदिल झाला आणि त्याच्यासाठी 'महागाई भत्ता' नावाचा प्रकार रूढ करावा लागला. गड्याच्या सालात हा भत्ता पूर्वीपासूनच ज्वारीच्या रूपाने समाविष्ट होता. ह्या एका बाबतीत निरक्षराचा करार साक्षराच्या नेमणूकपत्राहून शहाणा होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पण ही झाली मोकळ्या गड्याची कथा. सगळेच गडी मोकळे नव्हते, आणि आमच्या मते ह्या इतिहासाचे काळीज येथेच आहे. लग्न, दुखणे, दुष्काळ यांसाठी गडी मालकाकडून उचल घेई. पाडव्याला हिशेब निघे तेव्हा सालातून उचल वजा होऊन हाती काही उरत नसे, उलट थोडे देणेच राही. मग पुढचे साल त्याच घरी काढणे भाग पडे. अशा गड्यालाही ओसरीवर बोलावीत, त्यालाही विचारीत, "बोल बाबा, कसं करायचं?" आणि तोही म्हणे, "तुम्हीच बोला मालक." शब्द तेच. पण पहिल्याच्या तोंडी तो डाव होता, ह्याच्या तोंडी ती वस्तुस्थिती होती. ज्याला उठून जाता येत नाही त्याला अपेक्षा विचारणे हा केवळ उपचार होय. हैदराबाद राज्यात, विशेषतः तेलंगणाच्या भागात, कर्जापायी वर्षानुवर्षे राबणाऱ्या अशा माणसांना 'भगेला' म्हणत. तेथील सरकारलाही १९३६ साली ह्या करारांवर बंधने घालणारा कायदा करावा लागला. कायदा झाला म्हणून उचल थांबली नाही. संपूर्ण देशात वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ सालचा. तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरण्यात आला.

मागणेच नाकारलेले आणखी लोक होते. बलुतेदाराचा वाटा वहिवाटीने ठरलेला. त्यात पुन्हा महार वतनदाराला रात्रंदिवस सरकारी आणि गावकी कामास बांधून जो मोबदला मिळे तो गावकऱ्याच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यात ह्या अनिश्चित बलुत्याऐवजी निश्चित रोख मोबदला मिळावा ही मुख्य मागणी होती. ते विधेयक मुंबई इलाख्यापुरते होते, मराठवाडा तेव्हा निजामाकडे. परंतु त्यामागील विचार गोदावरीच्या ह्या तीरासही तितकाच लागू होता. जे मिळते ते उपकार म्हणून मिळू नये, ठरवून मिळावे, एवढाच तो विचार.

आता पांढरपेशाकडे वळू. त्याची जीभ कोठे अडकली? आमची समजूत अशी आहे की ती पुण्यात अडकली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि सरकारी नोकरीतील मोठा पगार सोडून थोडक्या वेतनावर वीस वर्षे शिकविण्याची शपथ घेणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली. गोखल्यांसारख्या विद्वानाने ७५ रुपयांवर संसार केला. ह्या त्यागाचे तेज एवढे पडले की पुढील दोन-तीन पिढ्यांत शिक्षकाने पगाराचा आकडा उच्चारणे म्हणजे त्या तेजाचा अपमान वाटू लागला. त्या थोर मंडळींतही वेतनवाढ आणि बाहेरची मिळकत ह्या प्रश्नांवरून कडाक्याचे वाद झाले, आणि टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले त्यामागे हे वादही होते, ही गोष्ट आपण सोयीस्कर विसरलो. ते निदान आपसांत आकड्यांविषयी स्पष्ट बोलत होते. आपण त्यांचा त्याग आठवणीत ठेवला आणि स्पष्टपणा टाकून दिला.

मराठवाड्यात हे वारे राष्ट्रीय शाळांच्या रूपाने आले. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली. १९२९ साली तेथे मुख्याध्यापक म्हणून जे गृहस्थ आले ते त्यापूर्वी ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगारांच्या चळवळीत काम करीत होते. पुढे ते स्वामी रामानंद तीर्थ म्हणून प्रसिद्धीस आले. मजुरांच्या वेतनासाठी झटलेला मनुष्य स्वतः निर्वाहापुरत्या वेतनाच्या शाळेत येतो, ह्यात विसंगती काहीच नाही. त्याने स्वतः निवड केली होती. निजामी राज्यात सरकारी नोकरीची भाषा उर्दू, मुलकी-गैरमुलकीचा वाद, मराठी शाळा थोड्या. अशा स्थितीत त्या शिक्षकांनी पोटाला चिमटा घेऊन शिकविले म्हणूनच पुढची पिढी शिकली. त्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु एकाने स्वेच्छेने सोडलेली गोष्ट दुसऱ्याने मागू नये, असा नियम त्यातून निघत नाही. तो नियम संस्थाचालकांनी मागाहून काढला.

सरकारी नोकरीत तर बोलणीच नव्हती. श्रेणी ठरलेली, वाढ ठरलेली. १९४८ नंतर, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर, शाळा-महाविद्यालयांना अनुदान मिळू लागले आणि मध्यमवर्गाची दोन पिढ्या अशा ठरीव श्रेणीवर निश्चिंतपणे गेली. पगाराविषयी न बोलण्याचा सभ्यपणा तेव्हा परवडत होता, कारण दुसरा कोणीतरी मुंबईत बसून आपल्यासाठी आकडा ठरवीत होता.

त्याच काळात ओसरीवरची बोलणी बदलत होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली; १९७७ साली तिचा कायदा होऊन तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला. खडी फोडण्याचे काम सुखाचे नव्हते. पण केलेल्या कामाच्या मापावर दाम, आणि बाईला पुरुषाइतकाच दर, ही गोष्ट गोठ्यात फुकट राबणाऱ्या त्या बाईने प्रथमच पाहिली. तेव्हापासून गड्याच्या "जातो" ह्या वाक्याला खडीच्या ढिगाएवढी का होईना, जागा मिळाली. पुढे मुले शिकली, पुण्या-मुंबईस गेली, सोयाबीन आले, गडी दुर्मीळ झाला. अलीकडच्या पाडव्यांना लाखाच्या वर गेलेल्या सालांच्या बातम्या मराठवाड्यातील वृत्तपत्रांत येतात, आणि त्या वाचून आमच्या ओळखीची मंडळी हळहळतात. "गड्याला लाख! आमच्या प्राध्यापक मुलाला तेवढे मिळत नाहीत." ह्या उद्गारातील राग गड्यावर कशासाठी, हे आम्हांस उमगत नाही. गड्याचा लाख हा बारा महिने पहाटेपासूनच्या राबण्याचा आहे. आणि मुलाला तेवढे मिळत नसतील, तर त्याने काय मागितले होते, हे त्याला कोणी विचारले आहे काय?

तो मुलगा बहुधा तासिका तत्त्वावर आहे. जितके तास तितके पैसे, सुटीत शून्य. म्हणजे त्याचा प्रत्येक सण हा खाडाच. लातुरातच दोन रस्ते पलीकडे वैद्यकीय प्रवेशपरीक्षांचे खासगी वर्ग आहेत, आणि तेथे चांगल्या शिक्षकाला एक वर्ग दुसऱ्या वर्गाकडून ओढून नेतो, अगदी शिमग्यानंतरच्या कुजबुजीसारखा. एकाच शहरात, एकाच विषयाचे दोन शिक्षक. एकाला "अपेक्षा काय?" असे खरोखरच विचारतात, दुसऱ्याला केवळ उपचार म्हणून.

आमच्या परिचयाचा एक तरुण गेल्या वर्षी अशाच एका मुलाखतीस निघाला होता. तो शेतकऱ्याच्या घरचा. निघताना त्याने आजोबांना नमस्कार केला. आजोबांनी उभे आयुष्य दुसऱ्यांच्या घरी सालाने काढलेले. त्यांनी विचारले, त्या शाळेत पोरे किती, फी किती, मागचा मास्तर का सुटला. मुलाला ह्यांतले काहीच ठाऊक नव्हते. "मग बोलशील काय तिथं?" असे म्हणून म्हाताऱ्याने त्याला त्या दिवशी जाऊ दिले नाही. दोन दिवस चौकशी करून तो गेला. किती ठरले ते त्याने आम्हांस सांगितले नाही आणि आम्हीही, आपल्या संस्कारास अनुसरून, विचारले नाही. परंतु खाडे किती चालतील हे मात्र त्याने लिहून घेतले, असे कळते.